जालन्याची समुद्राकडे जाणारी वाट

जालना आणि समुद्र यांच्यामध्ये चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. मध्ये गोदावरीच्या खोऱ्याचा सपाट पट्टा आहे, मनमाडचा माळ आहे आणि शेवटी सह्याद्रीची भिंत आहे. असे असूनही २५ डिसेंबर २०१५ रोजी जालन्यानजीक दरेगावच्या शिवारात एका बंदराचे भूमिपूजन झाले. या बंदरात लाटा नाहीत, जहाजे नाहीत आणि खलाशीही नाहीत. सुमारे साडेचारशे एकरांच्या या आवारात कंटेनर भरावयाचे, जकातीची तपासणी व मोहोरबंदी येथेच उरकावयाची आणि भरलेले कंटेनर आगगाडीने थेट न्हावा-शेवा बंदरात जहाजाच्या बाजूला नेऊन उभे करावयाचे, अशी ही योजना आहे. तिला ‘ड्राय पोर्ट’ म्हणजे कोरडे बंदर असे नाव मिळाले आहे. मराठवाड्यातील वृत्तपत्रांतून तेव्हापासून या बंदराविषयी जे लिहिले गेले त्याचा सूर बहुधा एकच होता: समुद्र जालन्याच्या दारी आला, आता भरभराटीला कितीसा उशीर!

हा उत्साह समजण्यासारखा आहे. तथापि समुद्र जालन्याच्या दारी येण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी तो लोहमार्गाच्या रूपाने एकदा येऊन गेला आहे. त्या वेळी काय आले, काय गेले आणि कोणाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडल्यावाचून नव्या बंदराचे मोल ठरविणे घाईचे होईल.

बंदर नसलेले राज्य

ज्या हैदराबाद संस्थानात जालना होते, ते आकाराने मोठे पण चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले राज्य होते. पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकारांचा प्रदेश अठराव्या शतकातच निजामाच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्याबरोबर मच्छलीपट्टणचे बंदरही गेले. १८०२ सालच्या व्यापारी तहाने कंपनीने निजामाला मच्छलीपट्टण बंदराचा मुक्त वापर करण्याची मुभा दिली. कागदावर हा हक्क मोठा होता, परंतु बंदराकडे जाणारा रस्ता, बंदरातील धक्का आणि बंदराबाहेरचा समुद्र या तिन्हींवर सत्ता दुसऱ्याची होती. अशा हक्काचे व्यवहारातील मोल काय असते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही.

पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. त्यानंतर या मुलखाच्या राजकारणाची सूत्रे जशी बाहेर गेली तशीच हळूहळू व्यापाराचीही गेली. जालन्यास हैदराबाद कंटिन्जंटची छावणी बसली. कुंडलिकेच्या एका काठावर जुने जालना, दुसऱ्या काठावर कादराबादची पेठ आणि जवळच लष्कराचा तळ, असा हा गाव बाजारपेठ म्हणून वाढत गेला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या पेठेच्या सुबत्तेचीच साक्ष आहे.

या पेठेचा समुद्राशी संबंध लमाणांच्या तांड्यांमार्फत येत असे. बैलांच्या पाठीवर किनाऱ्याकडून मीठ वर येई आणि धान्य व कापूस खाली जाई. ही वाहतूक अतिशय संथ व महागडी होती. पावसाळ्यात ती बंदच पडे आणि चाऱ्याच्या दुष्काळात बैलच उरत नसत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासली, तेव्हा या संथपणाकडे प्रथमच साम्राज्याचे लक्ष वेधले गेले. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून लोहमार्ग त्याच दशकात गेला. जालन्याला मात्र आणखी सुमारे तीन तपे वाट पाहावी लागली.

कोळशाला रुंद, कापसाला अरुंद

हैदराबाद संस्थानातील पहिला लोहमार्ग १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद असा सुरू झाला. मुंबई–मद्रास या मुख्य मार्गाला राजधानी व तेथील ब्रिटिश छावणी जोडणे हा त्याचा हेतू होता. खर्च निजामाच्या तिजोरीचा आणि निकड प्रामुख्याने ब्रिटिशांची, अशी ही विभागणी होती. पुढचा टप्पा याहून अर्थपूर्ण आहे. सिंगारेणीच्या परिसरात दगडी कोळसा असल्याचे भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांनी १८७२च्या सुमारास दाखवून दिले होते. कोळसा जमिनीत असून भागत नाही, तो रुळांपर्यंत आणि रुळांवरून गिऱ्हाइकापर्यंत जावा लागतो. त्यासाठी लोहमार्ग पूर्वेकडे वाढवून एक फाटा चांद्याकडे व एक बेझवाड्याकडे (आजचे विजयवाडा) नेण्याची योजना लंडनमधील भांडवलदारांच्या साह्याने आखली गेली.

१८८३ साली या योजनेवरून हैदराबादेत जे घडले ते आजच्या वाचकाने आवर्जून आठवावे असे आहे. शिक्षणतज्ज्ञ डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, मुल्ला अब्दुल कय्यूम आदी सुशिक्षितांनी सभा घेतल्या. त्यांचा रेल्वेला विरोध नव्हता. कराराला मान्यता देण्यापूर्वी त्याच्या अटी लोकांपुढे मांडा, त्यांची साधकबाधक चर्चा होऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. तिचे उत्तर म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात अघोरनाथांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. त्यांची कन्या सरोजिनी, पुढे सरोजिनी नायडू म्हणून देशाला परिचित झालेली, त्या वेळी अवघी चार वर्षांची होती. हैदराबाद संस्थानातील सार्वजनिक जीवनाचा आरंभ अनेक अभ्यासक याच चळवळीपासून मानतात. म्हणजे एका कोळशाच्या लोहमार्गाच्या अटींवरून या राज्यात लोकमत जन्माला आले!

त्या अटी लपविण्यासारख्या का होत्या, हे पुढे उघड झाले. लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या कंपनीला निजाम सरकारने भांडवलावर वीस वर्षेपर्यंत दरसाल पाच टक्के व्याजाची हमी दिली. गाडी भरून धावो की रिकामी धावो, भागधारकाचे पाच टक्के ठरलेले होते. तूट आली तर ती संस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे अखेरीस शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या खिशातून भरून निघणार होती. हमीच्या व्याजाचा दोष केवळ रकमेत नसतो. नफ्यातोट्याशी ज्याचे काही बिघडत नाही अशा मालकाला काटकसरीची किंवा गिऱ्हाइकाच्या सोयीची पर्वा राहत नाही, हा त्याचा अधिक खोल दोष होय. खाणींच्या मक्त्यातही हाच प्रकार झाला. १८८६ साली हैदराबाद (डेक्कन) कंपनी निघाली आणि तिच्या भागांच्या व्यवहारात संस्थानचेच वकील म्हणून लंडनला गेलेले अधिकारी अब्दुल हक, म्हणजे सरदार दिलेर जंग, इतके गुंतले की १८८८ साली ब्रिटिश कॉमन्स सभेला चौकशी समिती नेमावी लागली.

लोहमार्ग मात्र झपाट्याने पुढे सरकला. १८८६ साली तो वरंगळला पोहोचला, १८८८ साली डोर्नकलहून सिंगारेणी खाणींना फाटा निघाला आणि १८८९ साली बेझवाडा गाठून गाडी किनारपट्टीला भिडली. १८९९पर्यंत तेथून मद्रासपर्यंत सलग रूळ झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मच्छलीपट्टणलाही रेल्वे गेली, पण तोवर १८६४च्या भीषण वादळात उद्ध्वस्त झालेले ते बंदर आपले वैभव गमावून बसले होते. ज्या बंदराचा हक्क तहाने मिळाला होता, तेथे गाडी शंभर वर्षे उशिरा पोहोचली. सिंगारेणीचा कोळसा दक्षिणेतील रेल्वेंच्या बंबांत जळू लागला. हा सारा मार्ग रुंदमापी, म्हणजे साडेपाच फुटी होता. कोळसा हा जड, स्वस्त व अखंड वाहणारा माल असून त्याला वाटेत उतरवून पुन्हा भरणे परवडत नाही, हे आखणी करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

जालन्याची पाळी आली तेव्हा हे शहाणपण कोठे गेले, हा खरा प्रश्न आहे. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबादमार्गे सिकंदराबादपर्यंतचा सुमारे ३९० मैलांचा ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याचा कारभार त्याच कंपनीकडे होता. परंतु हा मार्ग मीटरमापी होता. लॉर्ड मेयो यांच्या काळापासून, १८७० नंतर, कमी वाहतुकीच्या प्रदेशात स्वस्तातले अरुंद रूळ टाकण्याचे धोरण सरकारने स्वीकारले होते आणि गोदावरीचे खोरे या ‘कमी महत्त्वाच्या’ प्रदेशात गणले गेले. कोळशाच्या वाटेला रुंद रूळ मिळाले, कापसाच्या वाटेला अरुंद.

मनमाडची अदृश्य भिंत

रुळांमधील अंतर हा वरवर पाहता तांत्रिक तपशील वाटतो. वस्तुतः तो जालन्याच्या नव्वद वर्षांच्या अर्थकारणाचा कणा होता. या मार्गाच्या पश्चिम टोकाला मनमाड येथे रुंदमापी मार्ग आणि पूर्व टोकाला सिकंदराबाद येथेही रुंदमापी मार्ग, अशी रचना होती. म्हणजे गोदावरी खोऱ्यातला माल कोणत्याही मोठ्या बाजाराकडे निघाला तरी वाटेत त्याला गाडी बदलावी लागे. जालन्यात भरलेली कापसाची गाठ मनमाडला उतरे, हमालांच्या पाठीवरून फलाटापलीकडे जाई, दुसऱ्या वाघिणीत चढे आणि मग मुंबईकडे निघे. वर येणारा कोळसा, लोखंड, सिमेंट आणि खत यांचीही तीच गत. या अदलाबदलीत हमाली लागे, माल फाटे, भिजे, चोरीस जाई आणि रिकाम्या वाघिणीची वाट पाहत दिवसेंदिवस पडून राही. प्रवाशांनाही मराठवाड्याची वेस ओलांडताना मनमाडच्या फलाटावर वळकट्या घेऊन काढलेल्या रात्री परिचित होत्या.

या खर्चाचा भार कोणावर पडला? मुंबईच्या बाजारातील रुईचा भाव जागतिक मागणीनुसार ठरे आणि तो जालन्याच्या व्यापाऱ्याला दिलेलाच असे. त्या भावातून रेल्वेभाडे, मनमाडची हमाली, नुकसानीची जोखीम आणि आडत वजा करून जो आकडा उरे, तो मोंढ्यात शेतकऱ्याच्या हाती पडे. उलट दिशेने येणाऱ्या वस्तूंच्या किमतीत हाच खर्च मिळविला जाई. विकताना वजाबाकी आणि घेताना बेरीज, असा हा दुहेरी व्यवहार होता, आणि दोन्ही वेळी तोटा त्याच माणसाचा होता.

याचा अर्थ रेल्वेने जालन्याला काहीच दिले नाही असा नव्हे. लोहमार्गामागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. वाफेवर चालणाऱ्या त्या यंत्रांना कोळसा पुरविणेही रेल्वेमुळेच शक्य झाले. कापसाखालील जमीन वाढली आणि पेठ विस्तारली. सरकी काढून गाठी बांधण्यापर्यंतचे काम गावात राहिले. सूत, कापड, रंगाई आणि शिलाई या पुढच्या प्रत्येक पायरीची कमाई मात्र मुंबईला, अहमदाबादला किंवा समुद्रापलीकडे गेली. मार्ग खुला होत होता त्याच १८९९-१९०० सालच्या दुष्काळाने या खोऱ्याला ग्रासले होते. रेल्वे दुष्काळ निवारील अशी आशा १८८०च्या दुष्काळ आयोगापासून व्यक्त होत आली होती. रेल्वे धान्य आणू शकते हे खरेच, पण ती जेथे भुकेले आहेत तेथे नव्हे, तर जेथे विकत घेण्याची ताकद आहे तेथे आणते. रोजगार बुडालेल्या मजुराच्या गावावरून धान्याची गाडी शिटी वाजवीत पुढे जाऊ शकते, हा धडा त्या दुष्काळाने दिला.

अंतरापेक्षा दर मोठा

मापाइतकीच महत्त्वाची गोष्ट दरांची. हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांनी भाड्याचे जे दर आखले, ते बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला व बंदराकडून येणाऱ्या पक्क्या मालाला अनुकूल होते. देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाला मात्र त्या मानाने चढा दर पडे. १९१६-१८च्या औद्योगिक आयोगापुढे आणि १९२०-२१च्या ॲकवर्थ समितीपुढे ही तक्रार वारंवार आली. त्याआधी कितीतरी वर्षे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या परंपरेत वाढलेले गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या खर्चाचे बारकाईने विश्लेषण करून, या गुंतवणुकीचा मोठा लाभ विलायती उद्योगाला होत असल्याचे दाखविले होते. रेल्वे आणि कारखानदारी या दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीने वाढल्या तरच रेल्वे देशाची होते, ही त्यांची व रानडे यांची धारणा होती.

दर अंतरावर कशी मात करतो याचे एक उदाहरण मुंबईच्या बंदरातच घडले. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचा कोळसा मुंबईत बंगालच्या कोळशाशी यशस्वी स्पर्धा करू लागला. महासागर ओलांडून आलेला कोळसा स्वदेशी कोळशाला बाजारातून हुसकावतो, याचे आश्चर्य वाटून १९२४-२५ साली सरकारने भारतीय कोळसा समिती नेमली. कारण फार गूढ नव्हते. दक्षिण आफ्रिकेत निर्यातीच्या कोळशाला खाणीपासून दर्बान बंदरापर्यंतच्या रेल्वेभाड्यात भरघोस सवलत होती आणि कोळशाची प्रतवारी करून त्याची हमी दिली जात होती. इकडे बंगालचा कोळसा आधी रेल्वेने कलकत्त्याला, मग बोटीने मुंबईला असा यायचा. त्यात वाघिणींची टंचाई आणि प्रतवारीची अनिश्चिती यांची भर. समितीनंतर कोळशाच्या प्रतवारीसाठी मंडळ स्थापन झाले. या प्रकरणाचा निष्कर्ष असा की, कोळसा कोठे पोहोचेल हे नकाशावरील मैल ठरवीत नाहीत. भाड्याचा तक्ता, मालाची प्रत आणि अटी ठरविणाऱ्याचा हेतू या तीन गोष्टी ते ठरवितात. नाताळच्या रेल्वेपाशी स्वतःचा असा हेतू होता. गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेपाशी जालन्याच्या हिताचा हेतू नव्हता, कारण तो हेतू सांगणारा कोणी कराराच्या मेजावर बसलाच नव्हता.

रूळ रुंद झाले

१९३० साली निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १९५०मध्ये ती भारत सरकारकडे आली. आधी मध्य रेल्वे आणि १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे अशी तिची व्यवस्था बदलत गेली. मालक बदलले तरी मनमाडची भिंत तशीच उभी होती. स्वातंत्र्यानंतर चार दशके मराठवाड्याने रुंदमापी मार्गासाठी अर्ज, ठराव, मोर्चे आणि आंदोलने केली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न धसास लावला. वाहतूक कमी म्हणून रुंदीकरण परवडत नाही, असे उत्तर मिळे. रुंदीकरण नाही म्हणूनच वाहतूक कमी आहे, हे प्रत्युत्तर समजण्यास दिल्लीला फार वेळ लागला. अखेर १९९०च्या दशकात मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी असे रूळ रुंद झाले आणि जालन्याची वाघीण प्रथमच न थांबता मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊ लागली.

या दीर्घ प्रतीक्षेत जालना हात बांधून बसले नव्हते, हे नमूद करणे न्यायाचे होईल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ची स्थापना केली आणि संकरित बियाण्यांच्या व्यवसायात जालन्याचे नाव देशभर झाले. बियाणे हा हलका पण मौल्यवान माल असल्याने अरुंद रुळांचा अडथळा त्याला फारसा भोवला नाही, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे पोलादी सळ्यांचा उद्योग येथे बहरला. ज्या जिल्ह्यात लोहखनिज नाही आणि कोळसाही नाही, तो राज्यातील सळ्यांचे एक मोठे केंद्र व्हावा, हे पाठ्यपुस्तकातील स्थाननिश्चितीच्या सिद्धान्तांना आव्हान देणारे आहे. त्याचे मर्म असे की या भट्ट्या विजेवर चालतात आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे भंगार व स्पाँज आयर्न. भंगाराचा काही भाग परदेशांतून बंदरामार्गे येतो. कोळसाही येतोच, पण महाराष्ट्रातील वीज अजून बव्हंशी कोळशावर निर्माण होत असल्यामुळे तो तारेतून येतो. एके काळी जालन्याचा कच्चा माल बंदराकडे जाई आणि पक्का माल बंदराकडून येई. पोलादाच्या धंद्यात ही गाडी प्रथमच उलट्या दिशेने वळली: कच्चा माल वर येतो आणि पक्का माल जालन्यातून बाहेर पडतो.

अलीकडील वर्षांत दळणवळणाची साधने वेगाने वाढली आहेत. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १७४ किलोमीटरांच्या जालना–जळगाव या नव्या मार्गाला मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च सुमारे ७,१०० कोटी रुपये आहे. हा मार्ग झाला तर जालन्याला खानदेशातून गुजरातच्या बंदरांकडेही वाट मिळेल. जुलै २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर–परभणी या सुमारे १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणालाही मान्यता मिळाली. भिंत पडली आहे, वाटा वाढत आहेत. म्हणूनच जुना प्रश्न नव्या स्वरूपात विचारण्याची हीच वेळ आहे.

कराराच्या अटी

कोरडे बंदर हे स्वतःहून वरदानही नाही आणि शापही नाही. ते एक दार आहे. दारातून काय आत येईल आणि काय बाहेर जाईल, हे दाराच्या लाकडावर नव्हे तर घरमालकाच्या ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून असते. या दाराविषयी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न दरांचा. येथून न्हावा-शेवापर्यंत एका कंटेनरला किती भाडे पडेल, हाताळणीचा आकार किती, साठवणुकीचा किती आणि तो कोण व कोणत्या निकषांवर ठरवील? मोठ्या कारखानदाराला घाऊक सवलत आणि दहा शेतकऱ्यांच्या गटाला पूर्ण दर, अशी रचना झाली तर बंदर जालन्याचे असूनही ते जालन्यातील थोड्यांचेच राहील. मालगाडीचा खर्च दोन्ही दिशांना माल मिळाला तरच उतरतो. भंगार घेऊन आलेली गाडी परत जाताना काय नेणार, याचे उत्तर जिल्ह्याच्या शेतीत आणि कारखान्यांत शोधावे लागेल.

दुसरा प्रश्न प्रक्रियेचा. दारातून रुईच्या गाठी जाणार की सूत आणि कापड? जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु शीतगृह, प्रतवारी आणि रस काढण्याची सोय जवळ नसेल तर मानांकनाचा कागद फळाला नासण्यापासून वाचवू शकत नाही. या बाबतीत जिल्ह्यातच एक उद्बोधक उदाहरण आहे. येथील रेशीम उत्पादक शेतकऱ्यांना कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात राज्यातील पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली आणि भाव गावाजवळ ठरू लागला. प्रवासखर्च वाचला हा लाभ लहान. उघड लिलावात आपल्या मालाची प्रत व किंमत डोळ्यांदेखत ठरताना पाहण्याचा हक्क मिळाला, हा लाभ मोठा. नाताळच्या कोळशाने जे प्रतवारीच्या बळावर साधले, तेच कोषाने येथे लहान प्रमाणावर साधले.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सहभागाचा. या बंदरासाठी जमिनी गेल्या त्या शिवारातील तरुणाला तेथे कोणते काम मिळेल? केवळ हमालीचे, की जकात-दस्तऐवज, वखार-व्यवस्थापन आणि यंत्रहाताळणीचे? असे शिक्षण देण्याची तयारी जिल्ह्यातील महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था करीत आहेत काय? बंदराच्या कारभारात व्यापारी व कारखानदार यांच्या जोडीला शेतकरी उत्पादक संस्था आणि कामगार यांना बसण्यास जागा असेल काय? की निर्णय समुद्रकाठी होणार आणि त्यांची माहिती जालन्याला वृत्तपत्रांतून मिळणार?

या प्रश्नांवर एक आक्षेप घेतला जाईल. आधी बंदर नीट चालू तर होऊ द्या, अटींची चर्चा नंतर करता येईल, असे काही जण म्हणतील. विलंबाने त्रासलेल्या प्रदेशात हे म्हणणे पटकन पटते. परंतु इतिहासाची साक्ष याच्या विरुद्ध आहे. लोहमार्गाचे माप एकदा ठरले की ते बदलण्यास नव्वद वर्षे लागतात. हमीचा टक्का एकदा लिहिला की तो वीस वर्षे फेडावा लागतो. दरांचा ढाचा एकदा बसला की त्याभोवती हितसंबंधांची वीण घट्ट होत जाते आणि मग तो ढाचा निसर्गनियमासारखा भासू लागतो. पायाभूत सुविधांच्या बाबतीत ‘नंतर’ हा शब्द बहुधा ‘कधीच नाही’ याचा सौम्य पर्याय असतो.

१८८३ साली अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी मागणी केली ती मोठी क्रांतिकारक नव्हती. करार करा, पण आधी तो लोकांना वाचू द्या, एवढेच ते म्हणत होते. ती मागणी मान्य झाली असती तर कदाचित हमीचे व्याज कमी ठरले असते आणि ‘आमच्या खोऱ्याला अरुंद रूळ का?’ असे विचारण्याची सवय राज्याला वेळीच लागली असती. आज असा प्रश्न विचारणाऱ्याला हद्दपार करणारा निजाम नाही. माहितीचा अधिकार आहे, लोकप्रतिनिधी आहेत, ग्रामसभा आहेत. हक्क आहेत आणि त्यांचा वापर होत नाही, अशी स्थिती आली तर १८०२च्या तहातील मच्छलीपट्टणच्या हक्कासारखीच त्यांचीही गत होईल.

जालन्याच्या सोन्याच्या पाळण्याला दोरी होती, पण ती बहुतेक काळ दूरच्या हातात राहिली. कोरड्या बंदराच्या निमित्ताने ती दोरी हाती घेण्याची संधी या जिल्ह्याला पुन्हा एकदा मिळाली आहे. त्यासाठी आधी दरांचे तक्ते, कराराच्या अटी आणि जमाखर्चाची पाने मोंढ्यात, शाळा-महाविद्यालयांत आणि ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागली पाहिजेत, आणि ती वाचून प्रश्न विचारणारी माणसे जिल्ह्यात तयार झाली पाहिजेत.